पेशीतली पाठराखीण

५ एप्रिल, शनिवार

सोनाजीची बायको संगिता आज सकाळीच पानसुपारी ठेवून गेली. तिच्या शितलचं लगीन ठरलं आणि पाठराखीण म्हणून मलाच जायचंय! मी अंगणात वाळलेली हळद निवडत बसले होते, हात कोपरापर्यंत पिवळे. तशाच हातानं सुपारी घेतली. संगिता म्हणली, "आजी, तुमी असल्यावर मला घोर न्हाई." आणि पदर डोळ्याला लावला. लेकीच्या लग्नात आई रडतीच, त्यात काय नवल.

आमच्या गल्लीतून पोरगी निघाली की पाठराखीण मीच, हे आता ठरल्यासारखंच झालंय. नवरीसोबत गाडीत बसायचं, सासरी तिच्या बाजूला निजायचं. तिला तहान लागली तर आपल्याला लागली म्हणून पाणी मागायचं. नवीन घरात नवरीला मागता येत न्हाई, म्हातारीला येतं. मंग दोन दिवसांनी खण-नारळ घेऊन आपण माघारी. एकदा जिंतूरकडं गेले होते तर त्या लोकांनी आमरस असा वाढला की मी वाटीला झाकण म्हणून हात ठेवला तर हातावर वाढला. मला खायची हौस लई. खोटं काहून लिहू?

ही डायरी माझ्या लेकानं, बालाजीनं, खताच्या दुकानातून आणली. पानापानावर खाली फवारणीच्या बाटल्यांची चित्रं हाईत. मी दुसरीपर्यंत शिकले, मंग म्हशी राखल्या. म्हातारपणी प्रौढ वर्गात बसून पुन्हा अक्षरं जुळवली. माझी नात पुनम म्हणती, आजी तू बोलतीस तसंच लिही. म्हणून लिहून राहिले.

शितलचे दहावीचे पेपर नुकतेच झाले. आईच्या डोक्याच्या वर गेली पोरगी. सोनाजी अन् संगिता दरसाल ऊसतोडीच्या टोळीसोबत जात्यात. आतापर्यंत सोनाजीची आई घरी होती, ती औंदा थंडीत गेली. आता तरणी पोरगी एकटी कशी ठेवायची? ठरलं ते चांगलं झालं. पोरगा हट्टा गावाकडचा, टेम्पो चालवतो. मी कोणतं लुगडं नेसू, याच्यातच दिवस गेला.

८ एप्रिल, मंगळवार

आज जे ऐकलं त्यानं डोकं गरगरून राहिलं.

पुनम नांदेडला एमेस्सी करती. पुढच्या महिन्यात तिला सगळ्या सरांपुढं उभं राहून बोलायचंय, म्हणून घरी येऊन तयारी करून राहिली. सकाळपासून भिंतीशी बोलत होती. मी म्हणलं, "भिंतीला काय सांगतीस बाई, मला सांग. मी हुं तरी म्हणीन."

तर ती म्हणली, "आजी, तुझ्या अंगात बारीक बारीक खोल्या हाईत. त्याला पेशी म्हणायचं. एकेका पेशीत अजून एक आतली खोली, ती केंद्रक. अंग कसं घडवायचं, कसं चालवायचं, ते सगळं त्या आतल्या खोलीत लिहिलेलं. ते मूळ लिखाण बाहेर जात न्हाई."

"देवघरासारखं."

"तसंच समज. पण काम सगळं बाहेर, अंगणात. मंग लागेल तेवढ्याच लिखाणाची नक्कल निघती. तिला एमआरएनए म्हणत्यात."

"लांब नाव हाय. मी निरोप म्हणते."

"निरोपच हाय तो. त्याला बाहेर जायचंय. पण आतल्या खोलीच्या दारात धाग्यांची दाट जाळी. एकट्या निरोपाला निघता येत न्हाई. मंग एक प्रथिन येतं, त्याला धरतं, जाळीतून वाट काढतं, पार नेऊन पोचवतं. निरोप तिकडंच राहतो. नेणारं प्रथिन माघारी आत येतं, दुसऱ्या निरोपाला न्यायला."

मी सूप खाली ठेवलं. "अगं पुने, ही तर पाठराखीण!"

पुनम बघतच राहिली. मंग अशी हसली की चुलीपुढून सून विचारती, काय झालं, काय झालं. पुनम म्हणली, "आजी, मी हेच सरांना सांगणार. इतक्या पुस्तकांत मला असं सापडलं न्हाई."

मी विचारलं, माझ्यात बी हाईत? म्हणली, तुझ्यात, माझ्यात, म्हशीत, हळदीच्या झाडात. आत्ता ह्या घडीला? ह्या घडीला. किती? मोजता येणार न्हाईत.

देवा! मी इतकी वर्षं समजत होते की गावात पाठराखीण म्हणजे मी एकटी. आणि माझ्या आत येरझारा चालल्यात, मी निजले तरी चालल्यात, आणि मला पत्ता न्हाई. जेवताना मी हाताकडं बघून राहिले तर बालाजी म्हणतो, मुंगी हाय का भाजीत?

अजून एक सांगितलं तिनं. निरोप निघायच्या आधी त्याला नवरीसारखं तयार करत्यात. पुढच्या टोकाला टोपी बसवायची, मधला नको तो भाग कापून धागा जोडायचा, मागं शेपूट लावायची. एकेक तयारी झाली की तिची खूण म्हणून एक प्रथिन अंगावर बसतं. त्या करवल्या! पाठराखीणीच्या हाताला पकड कमी असती म्हणं. करवल्या निरोपाचा हात तिच्या हातात देत्यात तेव्हाच पकड बसती. तयारी अर्धवट असली तर करवल्या न्हाईत, अन् करवल्या न्हाईत तर पाठराखीण धरतच न्हाई. वर दारापाशी राखणीला बी प्रथिनं हाईत. अपुरा निरोप दिसला की आतच अडवून धरत्यात.

किती बराबर केलंय देवानं.

१० एप्रिल, गुरुवार

संगिताच्या गच्चीवर कुरडया घातल्या. मी सगळ्या बायांना पेशीतल्या पाठराखीणीची गोष्ट सांगितली. कुणाचा विश्वास बसेना. एक म्हणली, "सखुआजी, उन्हात बसू नका जास्त." हसून हसून पुरेवाट.

शितल सोऱ्या दाबत होती. ती एकटी हसली न्हाई. म्हणली, "आजी, पार नेल्यावर पाठराखीण हात सोडती कशी? तिनं धरूनच ठेवलं तर?"

आता हे मला कुठं ठाऊक? घरी येऊन पुनमला विचारलं आणि संध्याकाळी मुद्दाम शितलला सांगायला गेले. सांगितलं की दाराच्या बाहेरच्या अंगाला अजून एक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं कामच ते, पाठराखीणीचा हात सोडवायचा. ओढूनच काढतं. म्हणजे निरोप उलट्या पावलानं आत सरकायला नको.

"मंग त्या निरोपाचं काय होतं?"

"काम करून घेत्यात त्याच्याकडून. पुन्हा पुन्हा वाचत्यात. झिजला की तोडून टाकत्यात."

पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली. मी म्हणलं, कशी गंमत हाय न्हाई? ती म्हणली, व्हय आजी. हुशार पोरगी, लक्ष देऊन ऐकती. पुनमसारखं डोकं हाय तिला. एवढं मन लावून माझं घरात बी कुणी ऐकत न्हाई.

१५ एप्रिल, मंगळवार

लग्नाची काय ही तऱ्हा. पत्रिका छापल्या न्हाईत. बँड न्हाई. मांडव बी नवऱ्याच्या शेतात, गावात न्हाई, आणि लगीन तांबडं फुटायच्या वक्ताला. मी सोनाजीला म्हणलं, "अरे, अक्षयतृतीया तीस तारखेला असताना अठ्ठावीस काहून धरली? चांगला मुहूर्त सोडून?" तो म्हणला, "त्या दिवशी लई लक्ष असतं, आजी." नवरीला दृष्ट लागू नये म्हणून सांभाळून राहिलेत, हे बरं हाय. पण बँड पाहिजे होता. मला बँडपुढं नाचायची लाज वाटत न्हाई.

नवऱ्याचा चुलता अमृतराव येऊन गेला. मोठा बोलका माणूस. माझ्याकडं बघून म्हणला, "ह्या का पाठराखीण? मंग काळजीच मिटली. म्हातारं माणूस पुढं असलं की कुणी काही विचारत न्हाई." मला मान दिला त्यानं. चहा घेऊन गेला.

पुनमला हे सांगितलं तर ती ताटावरून उठली. अभ्यासाचा ताण हाय तिला.

१९ एप्रिल, शनिवार

आज पुनमनं माझ्यापुढं सगळं भाषण करून दाखवलं. मी पहिल्या रांगेत, बाकीच्या रांगांत हळदीची पोती. शेवटी आलं ते ऐकून मी हादरले.

म्हणली, एड्सचा विषाणू असतो. तो पेशीत शिरतो आणि आतल्या खोलीत स्वतःचं लिखाण घुसवतो. त्याचे निरोप निघत्यात, पण त्यातले कैक न कापलेले, अपुरे. ते बाहेर जाऊ शकत न्हाईत, राखण अडवती. पण विषाणूला तर तसेच बाहेर पाहिजेत.

"मंग?"

"मंग तो स्वतःचंच एक प्रथिन धाडतो. ते अपुऱ्या निरोपाला चिकटतं, दुसऱ्या कामाची पाठराखीण गाठतं आणि तिच्या सोबतीनं निरोप दाराबाहेर काढतं. सोबत पाठराखीण दिसती, म्हणून दार वाट देतं."

"आणि ती पाठराखीण? तिला कळत न्हाई?"

"तिला काय कळणार, आजी. तिला हात दिला, तिनं धरला. तिचं काम बरोबरच चालू असतं. पण पेशी मरती."

आणि पुनम माझ्याकडं असं बघून राहिली जणू मीच काही केलं. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतीस?" ती म्हणली, "आजी, शितल किती वर्षांची हाय?"

मी म्हणलं, मोठी हाय. ती म्हणली, किती मोठी. मी म्हणलं, तुला काय करायचंय, तू तुझं भाषण कर. माझं तेराव्या वर्षी झालं, मी मेले का? पुनम म्हणली, "मी पोलिसांत फोन करीन." मी म्हणलं, "कर, आणि सोनाजीला तुरुंगात टाक, संगिताला रस्त्यावर बसव, आणि गल्लीत माझं तोंड काळं कर." लई बोलले. सुनेनं येऊन दोघींना गप केलं.

हळदीचं सूप तसंच राहिलं. ही विषाणूची गोष्ट मला आवडली न्हाई. पहिली चांगली होती.

२३ एप्रिल, बुधवार

पुनम बोलत न्हाई. मी बी बोलत न्हाई. पाठराखीणीचं लुगडं इस्त्रीला दिलं होतं, ते घेऊन आले आणि पेटीवर ठेवलं. घडी मोडून बघावी वाटलं न्हाई.

शितल येऊन बसली होती. माझ्यासोबत हळद निवडू लागली. मंग म्हणली, "आजी, तुमी तिकडं किती दिवस राहताल?" मी म्हणलं दोन. "जास्त न्हाई राहता येत?" मी म्हणलं, पाठराखीण जास्त राहिली की लोक हसत्यात. तिनं मान हलवली. तिचे हात बघितले मी. लेकराचेच हात. मागच्या सालापर्यंत माझ्या अंगणात लंगडी घालत होती, हे मला आजच काहून आठवावं?

२७ एप्रिल, रविवार

आज अक्षर वाकडं येईल.

आज शितलला हळद लागायची होती, मंग लगेच गाडी निघायची होती. मी सकाळीच आंघोळ करून लुगडं नेसले. हळदीसाठी घरचीच हळद द्यावी म्हणून मागच्या खोलीत पोतं सोडायला गेले, तर पोत्यांच्या मागं काहीतरी हललं. मला वाटलं मांजर. बघते तर शितल! गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, केसांपासून पायापर्यंत हळदीच्या भुकटीनं पिवळी. मागच्या दाराची कडी बाहेरून कशी सरकवायची ते आमच्या घराला सोडून कुणाला ठाऊक न्हाई. ही आली कशी?

"आजी," ती म्हणली, "माझी तयारी झाली न्हाई."

एवढंच. रडली न्हाई. रडली असती तर मी समजूत काढली असती, मला नवरीची समजूत काढता येती. असं बोलणाऱ्या पोरीला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलं न्हाई.

तेवढ्यात पुढच्या दाराला सोनाजी. "आजी, शितल आली का इकडं?"

मी पोतं तसंच सोडलं आणि जाऊन उंबऱ्यावर बसले. चौकटीला पाठ लावून आडवीच. पाय दुखतात म्हणून न्हाई.

"आली," मी म्हणलं.

"पाठवा. बाया खोळंबल्यात."

"न्हाई पाठवत."

तो हसला. त्याला वाटलं चेष्टा. "चला आजी, तुमी बी चला. गाडी येऊन राहिली."

"मी बी येत न्हाई. अपुऱ्या पोरीचा हात मी धरत न्हाई, सोनाजी."

त्याचं तोंड बदललं. "दुसरी पाठराखीण बघतो मी."

"बघ की. नवरी कुठून आणशील?"

लोक जमले. कुणी म्हणलं म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणलं नातीनं भरवलं. सोनाजी वाकून माझ्या कानाशी येऊन म्हणला, आणि आवाज रडका होता त्याचा, "आजी, टोळीत गेल्यावर हिला कुणाच्या भरवशावर ठेवू? उसाच्या फडावर नेऊ? तिथं काय असतं तुमाला म्हाईत हाय का?"

"माझ्या भरवशावर ठेव."

"तुमी किती दिवसाच्या?"

खरं बोलला, पण लागलं. मी म्हणलं, "मी मेले तर माझी सून हाय, बालाजी हाय. घर कुठं मरतं?" सून मागून म्हणली, "व्हय, ठेवतो आमी." चारचौघांत तिनं असं तोंड उघडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंग सोनाजीचा फोन वाजला. अमृतराव. सोनाजी नुसता बघून राहिला फोनकडं, म्हणून मीच ओढून घेतला.

"कोण बोलतंय?"

"पाठराखीण."

"हां आजी, निघाले का?"

"न्हाई. तयारी अपुरी हाय."

"सामान राहू द्या हो, इकडं सगळं हाय."

"सामानाची न्हाई. पोरीची."

मंग सुरू झाला. आचारी सांगितला, पाहुणे आले, आमची अब्रू हाय का न्हाई. मी म्हणलं, "स्वयंपाक झालाच असेल तर जेवून घ्या." तो म्हणला, "गाड्या भरून येतो तिकडं." पुनम माझ्यामागं येऊन उभी होती, मला कळलं बी न्हाई कधी. ती फोनात म्हणली, "या ना काका. ग्रामसेवक भाऊसाहेबांना पण बोलावते, बालविवाहाचं तेच बघत्यात. तुमची ओळख होईल."

फोन बंद झाला. पुन्हा आला न्हाई.

सोनाजी आमच्या पायरीवर बसला. लई येळ बसला. मंग उठला आणि लेकीकडं न बघता गेला. मी उंबऱ्यावरून उठायला गेले तर गुडघे लागले, पुनमनं काखेत धरून उठवलं. तिच्याशी बोलणं बंद होतं हे दोघीच्या बी ध्यानात राहिलं न्हाई.

२८ एप्रिल, सोमवार

तांबडं फुटलं तेव्हा मी जागीच होते. दाराकडं कान लावून. कुणाची गाडी आली न्हाई. शितल पुनमच्या बाजूला तोंड उघडं टाकून निजली होती. भुकटी नीट धुतली न्हाई, उशी पिवळी केली पोरीनं.

गल्लीत आज कुणी माझ्याशी बोललं न्हाई. नळावर बाया गप झाल्या. कुरडयांच्या दिवशी माझ्या गोष्टीला हसणारी होती, तिनं घागर उचलून तोंड फिरवलं. आता मला कोण बोलावणार पाठराखीण म्हणून? लुगडं घडी घालून पेटीत ठेवलं. वाईट वाटलं, लिहून ठेवते. आमरसाचं बी वाटलं.

दुपारी मागचं दार वाजलं न्हाई, सरकलं. बाहेरूनच कडी सरकवून कुणीतरी आत आलं. बघते तर संगिता. काखेत गाठोडं. शितलचे दोन ड्रेस, शाळेची चप्पल, तेलाची बाटली.

मी म्हणलं, "संगिता, तुला ही कडी—"

"तुमच्या सासूच्या दहाव्याला भांडी घासायला येत होते मी ह्याच दारानं, आजी." तिनं गाठोडं खाली ठेवलं. "काल मीच धाडलं तिला. म्हणलं, पोत्याच्या मागं बस, आजी दिसल्याबिगर हलू नको."

मी तिचा दंड धरला.

"आणि मी पाठवून दिली असती तर? मी लुगडं नेसून बसले होते, संगिता!"

"मंग गेली असती," ती म्हणली. "मला न्हाई म्हणता येत न्हाई. मला घरात राहायचंय." तिनं शितलकडं एकदाच बघितलं. पोरगी दुपारची पुन्हा झोपली होती. "हिला आवाज देऊन उठत न्हाई. पायाचा अंगठा ओढावा लागतो."

आणि आली तशी गेली. जाताना बाहेरून कडी नीट लावून गेली.